लातूरहून नांदेड, भुरीच्या वाटेनं

अण्णा, आधीच सांगते, शुद्धलेखन चुकंल. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत होते तवाच जमत नव्हतं, आता तर शाळा सोडून चार वर्षं झाली. वरून मोबाइलवर मी एकाच बोटानं टाइप करते. 'ळ' कुठं हाय ते हुडकेपर्यंत काय लिवायचं तेच इसरून जाते. एक ओळ व्हायला एक पोळी भाजून होती एवढा येळ लागायलाय. तर सावकाश वाचा. तुमाला तरी आता कुठं गाडीची घाई हाय.

नऊ वर्षं झाली तुमाला जाऊन. तुम्ही गेलात तवा मी नऊची होते. म्हंजी जितकी वर्षं तुम्ही होता तितकीच आता तुम्ही नसल्याची झाली. दोन्ही पारडी सारखी झाली, म्हणून म्हणलं आता सांगून टाकावं. आपल्या भुरी कबुतरीची ती वेळ, लातूर ते नांदेड एक तास वीस मिनिटं, जी तुम्ही डेपोत, चहाच्या गाड्यावर, मावशीच्या लग्नात, जिथं जाल तिथं सांगितली, ती मी मनानं लिवली होती. त्या दिवशी मी गच्चीवर नव्हते. हे तुमाला सांगायला नऊ वर्षं लागली, आणि ते पण तुमच्या आधी दुसऱ्या एकाला सांगावं लागलं म्हणून. ते कसं झालं ते सांगते.

तुमची नांदेड-लातूर मुक्कामी गाडी मला आठवती. दुपारी चारला निघायची, रात्री लातूरला मुक्काम, सकाळी साडेसातला परत नांदेडला. तुमच्या शिटाखाली वेताची टोपली, तिच्यावर मायच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला, आत भुरी. तिला शिकवताना तुम्ही आधी परत येताना लोह्याला सोडायचे, तिथून ती सरळ घरी. पुढच्या आठवड्याला माळाकोळीला. मग अहमदपूरला, मग चाकूरला. असं एकेक स्टँड मागं मागं सरकत तुम्ही तिला लातूरला नेलं. आणि दरवेळी टोपलीचं अर्धं तिकीट फाडायचे, स्वतःच्या खिशातून. जिवंत पाखरू गाडीत घेतलं की अर्धं तिकीट, असं तुम्ही म्हणायचे, मग ती कोंबडी असो का कबुतर. एकदा लोह्याला तपासणारे साहेब चढले, ते तुम्ही घरी जेवताना किती रंगवून सांगायचे. साहेब टोपलीला पाय लावून म्हणले, "ह्यात काय हो?" तुम्ही म्हणले, "कबुतर, साहेब." "कुणाचं?" "मपलंच." "आन तिकीट?" तुम्ही शर्टाच्या खिशातून तिकीट काढून हातावर ठेवलं. साहेब उलटंपालटं करून बघायले. "जायचं काढलंय. यायचं?" तर तुम्ही म्हणले, "यायला ती तिची गाडी घेऊन येती." सगळी गाडी हसली म्हणे, साहेब पण हसले. माय दरवेळी म्हणायची, "झालं का पुराण? भाकर गार झाली." पण तिला बी ते आवडायचं, ती मुद्दाम "मग साहेब काय म्हणले?" असं इचारायची.

आणि सकाळ आठवती. तुम्ही सातच्या पुढंमागं लातूरच्या स्टँडमागं भुरीला सोडून शेजारच्या घरी फोन करायचे, "सोडली, सातला सोडली" एवढंच. मी गच्चीवर ढाबळीपाशी बसायची. तुम्ही मला तुमचं जुनं घड्याळ दिलं होतं, पट्टा मोठा म्हणून मी ते कोपराजवळ घालायची. माझं काम एकच. भुरी आली की घड्याळ बघायचं, वहीत लिवायचं, आणि खाली मायला आवाज द्यायचा. तेवढा आवाज माझ्या तोंडातून निघायचा. एरवी पाव्हणे आले की मी पलंगाखाली जायची, पण गच्चीवरून "माय, भुरी आलीऽऽ" हे सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. मग माय डाळ शिजायला टाकायची. भुरी नऊच्या आसपास, तुम्ही अकराला. दोन तासात तिचं वरण, भाकर, मिरचीचा ठेचा सगळं व्हायचं आणि तुम्ही दारात चप्पल काढली की ताट. घरात घड्याळ होतं भिंतीवर, पण मायचा सैपाक कबुतरावर चालायचा.

त्या दिवशी सातदहाला सोडल्याचा फोन आला. मी गच्चीवर गेले, बसले. आठला खालून शेजारच्या टीव्हीचा आवाज आला. कार्टून. तुमाला माहीत हाय, मी कवा त्यांच्या घरात जायची न्हाई, ये म्हणले तरी न्हाई. मी खिडकीपाशी बाहेर उभी राहून बघायची, गज धरून. म्हणलं, भुरी नऊला येती, अजून लई येळ हाय. एक झालं की दुसरं लागलं. गजाचा गंज हाताला लागला तरी मला कळलं न्हाई. मग एकदम आठवलं आणि पळत वर गेले तर भुरी ढाबळीत आरामात पाणी पिऊन राहिली. घड्याळात नऊ वीस. ती कवा आली, मला माहीत न्हाई. आता काय लिवायचं? खरं लिवलं तर तुम्ही म्हणणार, पोरगी एवढं काम बी करत न्हाई. नऊ वीस लिवलं तर म्हणणार, भुरी थकली, द्या कुणाला तरी. मी आठ तीस लिवलं. का आठ तीस, ते सांगते म्हणजे हसू येईल तुमाला. तवा मला वजाबाकी नीट यायची न्हाई. मोठा काटा सरळ खाली, ती वेळ ओळखायला सोपी, म्हणून. मला वाटलं थोडी लवकर लिवली की भुरीचं नाव होईल. एवढं मोठं होईल हे कुठं माहीत होतं.

तुम्ही अकराला आलात, वही बघितली, आणि चप्पल पायात तशीच. "एक तास वीस! आगं, एक तास वीस!" मायला म्हणले, "बघितलंस का? लातूर ते नांदेड एक तास वीस मिनिटं." माय म्हणली, "तरीच माझी डाळ करपली," कारण मी तिला आवाज दिलाच नव्हता, ती आपल्या मनानं उशिरा डाळ टाकून घाईत होती. ते तुमच्या ध्यानात आलं न्हाई. तुम्ही लगेच गल्लीच्या टोकाला चाचाकडं. चाचानंच तुमाला कबुतरं शिकवली, त्यांना तर आधी सांगायचं. मी मागं मागं गेले. चाचा ओट्यावर बसून ज्वारी निवडून राहिले होते. ऐकून आधी हसले, मग हसायचं थांबले.

"एक घंटा बीस मिनट? कंडक्टर साब, कबुतर हय के मोटरसायकल?"

"मपल्या तिकिटाच्या मशीनवर बघा की. लातूर-नांदेड एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास. ह्या रस्त्यावर मी रोज तिकिटं फाडतो, मला सांगू नका."

"वोइच तो मैं बोल रहा. एक सौ चालीस! इतने में उसके पर जल जाते. छोटी बच्ची है, भूली होगी."

आणि मग तुम्ही ते म्हणले, अण्णा, जे मला आजवर टोचतं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणले, "मपली पोर बोलतच न्हाई कुणाशी, ती खोटं कवा बोलंल?"

चाचानं माझ्याकडं बघितलं. "क्यूं बेटा? तू देखी?"

म्या मान हलवली. तोंडानं एक शब्द न्हाई काढला. मानेनंच खोटं बोलले. चाचानं हातातली ज्वारी खाली टाकली आणि म्हणले, "बच्ची की बात पे मैं हारा." दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्यांचा सगळ्यात चांगला नर, तो लाल डोळ्याचा, दोन्ही हातात धरून आपल्या दारात आले. "रखो कंडक्टर साब. ऐसी मादी कू ऐसाच नर होना." तुम्ही नको नको म्हणले, त्यांनी ऐकलं न्हाई. माझ्या एका मान हलवण्यावर त्या माणसानं काळजाचा तुकडा आणून दिला. पण मनातून त्यांना पटलं नव्हतं, हे तुमाला बी माहीत होतं. त्यानंतर तुम्ही दोघं चहा प्यायचे, कबुतरं बघायचे, पण भुरीच्या वेळंचा विषय निघाला की चाचा दुसरीकडं बघायचे आणि तुम्ही जास्त मोठ्यानं सांगायचे.

पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. ते न्हाई लिवत, तुमाला काय सांगायचं त्यातलं. माय म्हणली, आता गच्चीवर कोण चढतंय, आणि ढाबळ चाचाच्या गच्चीवर गेली. भुरी गेली म्हातारी होऊन, लाल डोळ्याचा गेला, पण त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं चाचाकडं वाढली. मी रोज सकाळी दाणे टाकायला जायची. नववीत शाळा सुटली. कुणी काढलं न्हाई, मीच. उभं राहून वाच म्हणले की घसा आवळायचा, सगळा वर्ग हसायचा, बाई म्हणायच्या बस खाली. एक दिवस बसले ती परत उठलेच न्हाई. माय रडली, मग तिच्यासंगं मी पोळ्या लाटायला जायला लागले. आता मायला लातूरला पोरींच्या होस्टेलच्या मेसमधी काम लागलंय, गच्चीवर एक खोली पण दिली. मी चाचाला म्हणलं दोन कबुतरं नेऊ का. ते म्हणले, "होमर हैं बेटा. इनका एकिच घर रहता. ले गई तो पर बांध के रखना पडता उमरभर. नक्को." मग मी कबुतरांशिवायच आले. माझे पर कुणी बांधले नव्हते, तरी मी पहिले तीन महिने पोळ्या लाटायपुरतीच खाली उतरायची. इथं सगळ्या माझ्याच वयाच्या पोरी, डॉक्टर व्हायचा अभ्यास करणाऱ्या. त्यांच्याकडं बघायचीच भीती. त्यातली एक जळकोटची हाय. ती गच्चीवर पाठ करायला यायची, येरझाऱ्या घालत. महिनाभर ती बोलली आणि मी मान हलवली. मग एक दिवस म्हणली, "तू मुकी हायस का मला शिष्ट समजतीस?" मी म्हणलं, "दोन्ही न्हाई." तवापासून आमचं जमलं.

गेल्या महिन्यात मावशीकडं बारशाला नांदेडला गेले तवा चाचाकडं गेले. लई थकलेत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. तरी गच्चीवर चढतात. मला बघून म्हणले, "आई क्या पोट्टी? लातूर का पानी लगा, मोटी होगई." मग ढाबळीतून एक राखी मादी काढली, भुरीचीच नात, तिच्यासारखीच मान वाकडी करून बघती. टोपलीत घातली. तुमचीच टोपली, अण्णा, तळाला तार बांधलेली.

"लेके जा. इतवार को लातूर से छोड. छोडते वक्त फोन कर, टाइम बोल. मैं छत पे बैठता."

मी म्हणलं, "कशाला चाचा?"

"देखना है मेरे कू. तेरा बाप बोला सो सच था के नई. दस साल होगए, मेरे पेट में वोइच है. भुरी का खून है इसमें. ये दो घंटे लेती के सवा घंटा, देखेंगे."

सांगायचं होतं तर तिथंच सांगता आलं असतं. ते समोर होते, मी समोर होते. म्या टोपली उचलली.

गाडीत बाईकंडक्टर होत्या. आता बायांना अर्धंच तिकीट हाय, तुमाला माहीत नसंल. मी म्हणलं, "दोन अर्धी." त्या म्हणल्या, "दुसरी कोण?" मी टोपली दाखवली. त्या म्हणल्या, "आगं ठेव खाली, पाखराला काय तिकीट मागायचं." मी म्हणलं, "न्हाई, फाडा." एवढं मी अनोळखी माणसाला कवा बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसत मशीन दाबली. मग लातूरपर्यंत मी आणि भुरीची नात, दोघी अर्ध्या-अर्ध्या.

रस्ताभर मी एकच इचार करत आले. फोन माझ्याच हातात हाय. मी सातला सोडीन आणि साडेसातला फोन करीन, आत्ता सोडली म्हणून. चाचाला कसं कळणार? ती दोन तासात पोचली तरी त्यांच्याकडं दीड तास भरणार. चाचा म्हणणार, भुरीचं तर त्याहून तेज होतं, कंडक्टर साब खरंच बोलत होता. तुमचा शब्द राहील. चाचाच्या पोटातलं पण निघंल. पहिलं खोटं उतरायच्या टोकाला बोलले होते, हे सुटायच्या टोकाला बोलायचं. आणि खरं सांगितलं तर? चाचाच्या डोळ्यात तुम्ही खोटे. तुम्ही, ज्यांनी कबुतराचं तिकीट काढलं.

इतवारी सकाळी गच्चीवर टोपली घेऊन बसले. जळकोटची पोरगी चहाचा कप घेऊन आली, म्हणली, "कबुतर खरंच जाईल का गं? का इथंच बसंल आमच्या वाळल्या कपड्यावर?" घड्याळात सात दहा झाले आणि मी लुगड्याचं फडकं काढलं. ती टोपलीच्या काठावर बसली, एकदा मान वाकडी केली आणि उडाली. होस्टेलच्या वर एक गोल, मग मोठा गोल, त्या पलीकडच्या पाण्याच्या टाकीपर्यंत. तिसरा गोल पुरा केलाच न्हाई. अर्ध्यातूनच सरळ झाली आणि नांदेडकडं निघाली. ठिपका झाली. मग ठिपका पण न्हाई.

"फोन कर की," पोरगी म्हणली.

"करते."

सात पंधरा. सात वीस. मी फोन मांडीवर ठेवून बसले. सात तीसला पोरगी म्हणली, "काय झालं? बॅलन्स न्हाई का?" सात पस्तीसला मी लावला. एका घंटीत उचलला, ते फोनवरच बसले होते.

"छोडी?"

म्हणायचं होतं, हाव, आत्ताच. तोंड उघडलं आणि काय निघालं, "चाचा, पंचवीस मिनिटं झाली सोडून. सात दहाला सोडली."

"तो इत्ती देर कायकू की?"

"बोलायला जमत नव्हतं."

"तू कब बोलती! चल, रख. मैं देखता."

खरं का बोलले ते मला अजून नीट सांगता येत न्हाई. मी लई चांगली म्हणून न्हाई. खोटं बोललं की त्याच्या मागं लई बोलावं लागतं, अण्णा. हवा कशी होती, ती कुठून गेली, एवढ्या लवकर कशी पोचली. माझ्याच्यानं ते होत न्हाई. खरं एका वाक्यात होतं.

मग वाट बघणं. पोळ्या मायनं सांभाळल्या. मी पोरीला सगळं सांगितलं, वही, टीव्हीची खिडकी, लाल डोळ्याचा नर, सगळं. तिनं मधी मधी "आई गं" म्हणलं. मग म्हणली, "थांब, एकशे चाळीस किलोमीटर कुणी सांगितलं?"

"अण्णांच्या मशीनवर होतं."

"ते एसटीचं झालं. तुझं कबुतर काय अहमदपूरच्या स्टँडवर चहाला थांबतं का? लोह्याला प्रवासी घेतं?" तिनं मोबाइल काढला. आधी 'लातूर नांदेड विमान' टाकलं तर त्यात आलं की थेट विमान न्हाई, आणि विमानानंच जायचं असंल तर आधी भलत्याच लांबच्या शहरात जा, तिथं बस, मग उलटं या. आम्ही दोघी लई हसलो. खाली कुठंतरी लिवलं होतं की सरळ उडालं तर विमानाला वीस मिनिटं बी लागणार न्हाईत. मग तिनं नकाशा उघडला, लातूरच्या स्टँडवर बोट ठेवून नांदेडपर्यंत सरळ रेघ ओढली. एकशे चौदा. मला परत ओढायला लावली. माझी एकशे पंधरा आली, बोट हललं म्हणून.

"बघ," ती म्हणली आणि वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला. "एकशे चाळीसला एक तास वीस म्हंजी तुमचे चाचा बरोबर, मोटरसायकलच. पण एकशे चौदाला?" तिनं आणखी कायबाय वाचलं, शर्यतीच्या कबुतरांचं. मग म्हणली, "मागून वारा असंल तर जातं गं. रोज न्हाई जमणार, पण एखाद्या दिवशी जातं."

अण्णा, तुम्ही दोघं चुकीच्या आकड्यावर भांडलात. एक कंडक्टर आणि एक त्याच्या मशीनवर भरवसा ठेवणारा. भुरीला वरून रस्ता दिसत होता का न्हाई कुणास ठाऊक, पण तिला फाटे नव्हते, स्टँड नव्हते, टप्पे नव्हते. तुम्ही तिला एकेक स्टँड मागं नेत शिकवलं म्हणून तुमाला वाटलं ती तुमच्याच रस्त्यानं येती. मला पण तसंच वाटायचं. मी गच्चीवर बसून नेहमी लोह्याच्या रस्त्याकडं बघायची.

नऊ वाजून पाचला फोन वाजला. पोरीनं माझा हात धरला.

"आगई. अबी बैठी. दाना खा रई." मला ऐकू येत होतं, ते पुटपुटत मोजून राहिले होते. "एक घंटा पचपन मिनट." "अच्छी है. लेकिन भुरी का तो... मतलब कंडक्टर साब..."

"चाचा," मी म्हणलं, "अण्णा खोटं न्हाई बोलले. मी बोलले." आणि मग सांगितलं. सगळं, एका दमात, कार्टूनपासून. मी आयुष्यात एवढं सलग कुणाला बोलले नसंल. बोलताना माझा घसा आवळला न्हाई, हे मला नंतर ध्यानात आलं. खालून मेसमधी ताटांचा आवाज येत होता. मी म्हणलं, "चाचा, तुमचा लाल डोळ्याचा नर मी खोटं बोलून घेतला."

चाचा आधी खोकले. मग म्हणले, "अरे पागल. वो गया कहां? उसका पूरा खानदान मेरेइच छत पे बैठा है ना! एक दिया था, तीस वापस आए. तेरे बाप से अच्छा सौदा तो मेरा हुआ." आणि हसायला लागले. हसता हसता म्हणले, "तेरा बाप बोलता था ये बच्ची झूठ कब बोलेगी. मैं उसी दिन समझ जाना था. चुप लोगां सब से पक्के रहते."

मग मी त्यांना एकशे चौदाचं सांगितलं. दोनदा सांगावं लागलं. "रस्ते से नई? सीधा?" "हाव चाचा, सीधा." "मतलब... हवा अच्छी रही तो... हो सकता?"

"हो सकता, चाचा."

चाचा बारीक आवाजात म्हणले, "और मैं उसकू मोटरसायकल बोला था." मग, "अच्छा हुआ बोली. अब रख, मेरे कू दाना डालना है." मागून कबुतरांचे पंख फडफडलेले ऐकू आले.

तर आता असं हाय, अण्णा. मी गच्चीवर नव्हते, त्यामुळं भुरी आठ वीसला आली, का आठ तीसला, का नऊला, ते आता कुणालाच कधी कळणार न्हाई. जळकोटची पोरगी म्हणती, ती आठ तीसलाच आली असंल तर तुझं खोटं खरंच होतं. मी म्हणलं तसं नसतंय. पण रात्री झोपताना मी ते आठ तीस धरून झोपते, कधी कधी आठ वीस. बरं वाटतं. सकाळी पोळ्या लाटताना मी आता पोरींना नाव घेऊन हाक मारते, कुणाला किती पाहिजेत ते. मायला ह्यातलं काहीच सांगितलं न्हाई, ती डाळीवरून परत भांडंल.

तुमचा नंबर अजून माझ्या मोबाइलमधी 'अण्णा' म्हणूनच हाय. तो नंबर आता दुसऱ्या कुणाला मिळालाय, फोटोत एक माणूस ट्रॅक्टरवर बसलेला दिसतो. म्हणून हे पाठवणार न्हाई. खरं सांगू? एकदा पाठवायच्या बाणावर बोट ठेवलं होतं. तो माणूस चांगला वाटतो फोटोत.

थांबा, माय खालून ओरडून राहिली. होस्टेलच्या मागं सकाळपासून बोर मारायलेत, त्याला पाणी लागलं! सगळ्या पोरी बादल्या घेऊन पळायल्यात, मी पण जाते.